काटा

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस. फ्लेक्सच्या गाळ्यात
मी कातडीचा रंग दुरुस्त करते.
वाढदिवसाचे भाऊ, दहावीत पास झालेली पोरं,
भावपूर्ण श्रद्धांजलीतले आजोबा,
सगळ्यांची कातडी माझ्या हाताखालून
थोडी उजळून जाते.

शर्वाणीताई आल्या तेव्हा मनगटावर
मांजराचे ताजे ओरखडे होते,
पिशवीत कुठल्याशा आंधळ्या पिल्लाचं औषध.
पेन ड्राइव्ह पुढे करत म्हणाल्या,
चाळीस बाय वीस. कापूरबावडीला लागणार.

फाइल उघडली.
एक बाई, उघडी, कुशीवर,
थर्माकोलच्या पांढऱ्या ताटलीत झोपवलेली,
वरून ताणलेलं पातळ प्लास्टिक.
अंगावर लाल तुटक रेघा
आणि रेघांच्या मधे शब्द: मान. छाती. मांडी. तंगडी.
खाली मोठ्या अक्षरात, तिलाही दुखतं.
तिला म्हणजे कोंबडीला.
मला दोनदा वाचावं लागलं.

म्हटलं, ताई, कोंबडी कुठाय?
त्या हसल्या नाहीत.
अकरा वर्षं कोंबड्याच लावल्या गं, म्हणाल्या.
पिंजऱ्यातल्या, चोच छाटलेल्या, स्कूटरला उलट्या टांगलेल्या.
एक माणूस थांबला नाही.
आता थांबतील.
आणि ही स्वतःहून आली आहे, एक पैसा घेतला नाही.
मी नाव विचारलं.
नाव नको म्हणाली ती, एवढंच कळलं.

मग मी झूम केलं.
स्टुडिओतला एसी फार असावा.
दंडापासून मनगटापर्यंत काटा आला होता तिच्या,
बारीक, दाणेदार,
पिसं उपटल्यावर दिसतो ना, अगदी तसा.
अख्ख्या जाहिरातीत खरं साम्य तेवढंच होतं.
ताई मागून म्हणाल्या,
तेवढा काटा काढून टाक.
बोलून गेल्या त्या, सहज.
मी माऊस धरून तशीच बसले.

काढला. खांद्यावरचा, पोटावरचा.
जन्मात कधी थंडी न वाजलेली
मेणाची बाई तयार झाली.
रेघ जरा जाड कर म्हणाल्या, केली.
कोपराखालचा एक तुकडा मात्र राहू दिला,
स्क्रीनवर नखाएवढा.
(तुकडा. बघा, मीही तेच म्हणते आहे.)
रस्त्यावरून कुणाला दिसणार?

बोर्ड लागला. लोक थांबले.
ताईंचं खरं होतं.
सिग्नल सुटला तरी रिक्षा सुटेनात,
मोबाइल वर झाले,
वडापावच्या गाडीशी एक पोरगा म्हणाला, मला लेगपीस,
आणि दुसऱ्याच्या हातातला पाव
हसता हसता खाली पडला.
कोंबडीचं नाव कुणी काढलं नाही.
मी ओढणी सारखी केली.
पाठीवरून काहीतरी चालल्यासारखं वाटलं,
तुटक, तीन पॉइंट,
मीच ठरवलेली जाडी.

रात्री फ्लेक्स बांधणारा येसू वाघे पैसे न्यायला आला.
दोरीला लटकून काम करतो तो,
नाक चित्राला लागेल इतक्या जवळून.
नोटा मोजून झाल्यावर म्हणाला,
बाई, तिला थंडी वाजत होती काय?
मी म्हटलं, हो.
एवढंच बोललो आम्ही.

रविवारी किसननगरला घोण्यांच्या दुकानात
रांग नेहमीएवढीच. भावही तोच.
मीही होते रांगेत. घरी पाहुणे, माझा नंबर तिसरा.
पंख मागे आवळून त्यांनी एक वजनाला ठेवली.
आकडे हलत राहिले,
एक सहाशे, एक साडेसातशे, परत सहाशे.
ती मान वळवून कुणाकडे तरी बघत होती,
माझ्याकडेच असं नाही.
घोणे वैतागले,
हलतेय तोवर काटा थांबायचा नाही.
रिकामी पिशवी हातात घेऊन
मी थांबले.